चढाला ओढत नाही

"पुन्हा तेच नका सांगू, देवाप्पा," पद्मनाभ म्हणाले. "गाडीला काही झालेलं नाही, हे मी आज चौथ्यांदा ऐकतोय."

देवाप्पाने फडक्याला हात पुसले आणि व्हॅनचं बॉनेट लावलं. माणूस मूळचा निपाणीकडचा. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. या कानडी शहरात पहिल्या दिवशी त्याचं मराठी कानावर पडलं आणि पद्मनाभांनी डोळे मिटून किल्ली त्याच्या हातात दिली. आता त्यांना त्याचाच पश्चात्ताप होत होता.

व्हॅन सतरा वर्षांची. पुणं सोडून निहारकडे, मुलाकडे राहायला आल्यावर त्यांनी ती केवढ्या हौसेने घेतली होती! आत पलंग बसवला, शेगडी बसवली. सुचेताने खिडक्यांना पडदे शिवले. सगळी नोकरी सरली तरी बायकोला कुठे म्हणून नेलं नव्हतं, ही बोच त्यांना होतीच. येत्या सोमवारी दोघं निघणार होते. आधी गोकर्ण, मग समुद्राच्या कडेकडेने जमेल तितकं खाली.

पण गाडी चढाला ओढेना. सपाटीला अगदी गुणाची, चढ लागला की मरगळायची. गेल्या आठवड्यात एक्स्प्रेसवेच्या चढावर ती इतकी मंदावली, की मागचा ट्रक बोंबलत अगदी अंगावर आला. सुचेता डोळे घट्ट मिटून बसली होती. घरी आल्यावर निहारने निकालच दिला, "बाबा, रविवारपर्यंत दुरुस्त झाली तर जा. नाहीतर विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक कोण, तर मंजुनाथ. देवाप्पाचा सख्खा मेहुणा! हे कळल्यापासून पद्मनाभांचं डोकं सटकलं होतं. आज शनिवार उजाडला होता.

"डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, टर्बोचा पाइप नवा घातला," देवाप्पा म्हणाला. "इंजेक्टर तपासून आणले. काल मी अन् मंजुनाथ एक्स्प्रेसवेला घेऊन गेलो की सर. मस्त ओढली."

"मंजुनाथ म्हणणारच मस्त. त्याला घरी न्यायचीय ना!"

"तसं नाही ओ सर. स्वल्प चहा घ्या, मग बोलू."

त्याने शेगडीवरची किटली उचलली, पेला भरला आणि फडक्यात धरून त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवला.

"अहो, जरा शांतपणे बोला ना," सुचेता म्हणाली.

"शांतपणे काय? अगं, सरळ डोळ्यांत धूळ फेकतायत आपल्या!" बोलता बोलता त्यांचा हात पेल्याला लागला. पेला कलंडला आणि चहा थेट उजव्या पायावर सांडला.

"अगंबाई! भाजलं का हो?"

"काही नाही भाजलं. निवलेला होता. तू मध्ये बोलू नकोस."

देवाप्पा त्यांच्या सँडलकडे बघत होता. सँडल नवेच होते, मागून पट्ट्याचे. हल्ली साधी चप्पल पायातून कधी निसटायची, पद्मनाभांना पत्ताच लागत नसे.

"सर, एक शेवटचं करू," तो म्हणाला. "मागच्या लेआउटमध्ये, नवे प्लॉट पाडलेत तिथला चढ मोकळा असतो. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

पद्मनाभ किल्ली घ्यायला आत गेले. परत येताना त्यांना गाडीच्या पलीकडच्या उघड्या दारातून दिसलं. देवाप्पा ड्रायव्हरच्या दारात वाकला होता. त्याने बोटावर पिवळं ग्रीस घेतलं, अॅक्सिलरेटरच्या मागे खाली पत्र्यावर त्याचा गोळा थापला आणि गुपचूप बोट पुसलं.

सापडला चोर! पद्मनाभ किल्ली घेऊन सीटवर चढले. गाडी चढावर बंद पडू दे, मग धरू याला.

सुचेता मागे पलंगावर बसली. "सोमवारी निघू ना हो आपण?" तिने विचारलं.

"निघणार म्हणजे निघणार."

देवाप्पा सबंध वाटभर हँडब्रेकवर हात ठेवून बसला. त्याचाही त्यांना संताप आला. पस्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाशेजारी असं बसतात? चढ लागला. गाडी पाच-पन्नास पावलं बरी गेली, मग धापा टाकायला लागली.

"दाबा सर. पूर्ण दाबा."

"दाबलाय की! तळाला टेकवलाय! आता काय पाय इंजिनात घालू?"

गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. ती मागे घरंगळायच्या आत देवाप्पाने हँडब्रेक ओढला.

पद्मनाभ आता एकेरीवर आले. "पेडलखाली काय लावलंस रे? दारातून पाहिलंय मी. मेहुण्याला गाडी मिळावी म्हणून माझ्या बायकोचा जीव धोक्यात घालतोस? लाज नाही वाटत?"

सुचेता मागून उठून पुढे आली. देवाप्पा तिच्याकडे बघेना.

"ग्रीस लावलं सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पेडल तळाला गेलं, की ग्रीस चेपतं. आम्ही असंच बघतो. आता पाय काढू नका. दाबलाय तसाच राहू दे, अन् तुम्हीच बघा."

त्याने खिशातली छोटी बॅटरी पेटवून त्यांच्या हातात दिली. पद्मनाभांनी रागारागाने ती खाली रोखली.

ग्रीसचा गोळा टोकासकट जसाच्या तसा होता. पेडल त्याच्यापासून चांगलं दोन बोटं वर होतं. आणि पेडलवरच्या त्यांच्या पायावर, सँडलच्या पट्ट्यांमध्ये, मघाच्या चहाने लिंबाएवढा फोड आला होता. दुखत मात्र काहीच नव्हतं.