टिपण कुणाचं?

कंपनीतलं ज्ञान एका जागी राहावं म्हणून पोर्टल निघालं. बॉयलर सांभाळणाऱ्या मॅडम टिपणं लिहायच्या आणि साहेब ती खुशाल स्वतःच्या नावावर चढवायचे.

"अहो, तुमचं-माझं काय करता? ज्ञान सगळ्यांचं!" असं म्हणत टिपणांसाठीचं यंदाचं बक्षीसही त्यांनीच लाटलं. मॅडमना शिसारी यायची, तरी त्या पुढचं टिपण लिहायला घ्यायच्या.

काल पोर्टलवरचं एक टिपण वाचून फिटरने बॉयलरचं झाकण उघडलं आणि त्याचे दोन्ही हात भाजले. 'आधी वाफ सोडा' ही मॅडमची ओळ साहेबांनी फापटपसारा म्हणून उडवली होती.

चौकशी लागली. मॅडमनी पोर्टल उघडलं. बाकी सगळ्या टिपणांखाली साहेबांचंच नाव होतं, या एकाखाली मात्र आता मॅडमचं.

साहेबांनी दात विचकले. "शेवटी लिहिलेलं तुमचंच ना, मॅडम!"