वाजवून घेतलेली भिंत

अळिंबी पिकवायच्या खोलीला भिंती कशाच्या करायच्या, यावर दैवशालाचं नि तिच्या नवऱ्याचं, अंगदचं, काही केल्या एकमत होत नव्हतं. शेवटी अंगद जालन्याहून नमुनेच घेऊन आला. एक भाजकी वीट, एक सिमेंटचा पत्रा आणि दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला हातभर तुकडा.

"फोमचंच घेऊ. थंडावा बराबर टिकतो. तू बघ, मी मोटार चालू करून येतो."

दैवशाला कुठलीही वस्तू मडक्यासारखी वाजवून घ्यायची. तिनं वीट वाजवली, सिमेंटचा पत्रा वाजवला. मग फोमचा तुकडा मांडीवर घेऊन बोटानं टकटक केली.

आतूनही टकटक झाली.

तिनं भीतभीत तीनदा वाजवलं. आतून तीनदाच आवाज आला. त्या तुकड्यात मुंगी शिरायलाही जागा नव्हती.

तिनं तो अंगणात भिरकावला. उन्हात पडून तो गप्प झाला.

"अहो, जल्दी या! मला हे न्हाई पाहिजे, विटाच घेऊ!"

"आलो, आलो," विहिरीकडून अंगद ओरडला.

तेवढ्यात तिच्या बरगडीवर टकटक झाली. तिनं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

मग जरा वर, खांद्याच्या हाडावर, पुन्हा झाली. सावकाश, कान देऊन, मडक्याला तडा तर नाही ना हे बघावं तशी.