हद्दीचा देव

विमानतळाची धावपट्टी वाढवायची म्हणून मोठे साहेब वस्तीत येत, खाटेवर बसून चहा पीत आणि सगळ्यांचं ऐकून घेत. माणसं माना डोलवत आणि सकाळी साहेबांनी रोवलेले हद्दीचे दगड उपटलेले दिसत. शेवटी साहेबांनी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून कामावरून काढलेल्या, वस्तीतल्याच लोटूला हाताशी धरलं. "तुझं घर वाचवतो, उपाय सांग." लोटू म्हणाला, "दगडांना शेंदूर फासा साहेब. आमचं खानदेशी माणूस देव उपटत नाही." वस्तीनं खरंच दगडांना हार घातले, लोटू मनात हसला. मग एके दिवशी त्याच्याच दारात शेंदरी दगड उभा दिसला आणि त्याची म्हातारी आई त्यापुढे नारळ घेऊन बसलेली. लोटू दगड उपटायला वाकला. आईनं हातातला नारळ त्याच्या बोटांवर हाणला. "देवले हात लावस? तो आपला दारमा उना, आते आपलाले कोन उठाडी?"