चौदा नंबरचा दगड

चौदा नंबरच्या मैलाच्या दगडापाशी निवृत्त हवालदाराने स्कूटर उभी केली, तेव्हा भर दुपारी तिथे बेचाळीस माणसं होती. त्यांतली एक्केचाळीस मेलेली. बेचाळिसावी रस्ते खात्याची इंजिनीयर, आणि तिला बाकीची दिसत नव्हती.

"या काका. निवृत्तीनंतर त्रास देतेय, पण या रस्त्याचे सगळे पंचनामे तुमच्याच हातचे." तिने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. त्यावर एकच लाल ठिपका होता, पण तळहाताएवढा. "अकरा वर्षांत एक्केचाळीस मृत्यू, सगळे याच दगडापाशी. रस्ता सरळ, लांबवर लख्ख दिसतंय, खड्डा औषधाला नाही. इथे मरायचं तर माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील!"

गर्दीतला ट्रकवाला खो-खो हसला. "सांग ना, सांग तिला!"

हवालदाराने मानेवरचा घाम पुसला. दगडापाशी डेरेदार झाड होतं, बाक होता, पाण्याचा नळ होता. अपघात व्हायचे खाली उतारावर आणि वळणावर, पण तिथे टेकायलाही जागा नव्हती, शिवाय रक्ताचा वास. म्हणून तो मोजमाप न घेताच इथे यायचा, सावलीत बसायचा, मांडीवर कागद घ्यायचा आणि समोर दिसेल तो आकडा लिहायचा. 'चौदा नंबरच्या दगडाजवळ. कारण: चालकाची चूक.' निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते, नोंदी ठेवाव्यात तर यांनी.

कागदावर जिथे मेला तिथेच माणसाने उभं राहायचं, असा तिकडचा नियम असावा. तिकडेही कचेऱ्याच असणार, दुसरं काय!

"अहो हवालदार," एक मास्तरीण पुढे आली. तिच्या काखेत अजून वह्यांचा गठ्ठा होता. "घरची माणसं फुलं ठेवतात खाली वळणावर, आणि आम्ही इथे. वाससुद्धा येत नाही हो इथवर."

"मला काय माहीत," तो पुटपुटला.

"काय माहीत नाही?" इंजिनीयरने विचारलं.

"ऊन इतकं असेल ते."

तिने कागद पुढे केला. उद्या सकाळपासून इथे काम सुरू होणार होतं. दिवे, कठडा, गतिरोधक. फक्त 'जागा बरोबर आहे' या ओळीखाली त्याची सही हवी होती. "यंदा एकाच जागेला मंजुरी मिळालीय, काका. ती वाया गेली तर पुढची पाच वर्षं खात्यात कुणी मला दारात उभं करणार नाही."

त्याने पेन घेतलं. सही केली तर कुणाच्या बापाला कळणार होतं? नाही केली, तर अकरा वर्षांचे पंचनामे खोटे, वर चौकशी, आणि म्हातारपणी तोंडाला काळं. पेन टेकवणार, तोच त्याला दिसलं की गर्दी हलतेय. बाकावर कुणी यायचं असलं की माणसं सरकून घेतात, तशी ती मेलेली माणसं सरकत होती. मधोमध एका माणसापुरती जागा झाली.

"ही कुणासाठी?" त्याने ओठांतल्या ओठांत विचारलं.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी मास्तरीणच संकोचून म्हणाली, "तुमची सून रोज जाते ना वळणावरून, कामावर? फार जोरात चालवते हो गाडी. पोर गोड आहे. म्हटलं, आलीच, तर सावलीत तरी उभी राहील."

हवालदाराने पेनाला टोपण लावलं.

"मॅडम, जागा चुकलीय."

"कुठली?"

"सगळ्या."

मग त्याने सांगितलं. झाड, बाक, नळ, सगळं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने जीपमधून खडूंचा डबा काढला आणि एवढंच म्हणाली, "चला. दाखवा."

तो स्कूटर ढकलत पुढे, ती खडू घेऊन मागे, आणि त्यांच्या मागे पायांचा आवाज न करता एक्केचाळीस जण. उतार लागला. "इथे. ट्रकवाला." तिने फुली मारली. ट्रकवाला फुलीवर उभा राहिला, आणि नव्या घराची फरशी बघावी तसा त्याने पाय आपटून बघितला. "इथे तिघं, एका गाडीतली. इथे मास्तरीण. वह्या पार त्या गटारापर्यंत उडाल्या होत्या." वळणावर तर इतक्या फुल्या पडल्या की खडू संपले आणि तिने विटेचा तुकडा उचलला.

मध्येच ती थांबली, रस्त्यावर आडवं डोकं टेकवून एका डोळ्याने बघत राहिली. "काका, हा रस्ता बाहेरच्या अंगाला झुकलाय. वळणावर आत झुकायला हवा. हा गाडीला दरीकडे ढकलतोय." ती हात झटकत उठली. "आणि तुम्ही लिहिलंत, चालकाची चूक."

हवालदाराने पुढची जागा दाखवली.

"चाळीस झाले," ती म्हणाली. "एक राहिला."

एक तरुण पोर राहिली होती. हवालदाराला तिचा चेहरा आठवत होता, तिच्यावर घातलेली चादर आठवत होती. जागा आठवेना. पोरगी स्वतःच डांबराकडे बघत पुढेमागे फिरत होती, कानातलं पडल्यावर शोधतात तशी.

"मग चाळीसच लिहू?"

"नका. एक्केचाळीस लिहा. शेवटच्यापुढे लिहा, जागा ठाऊक नाही."

तिने तसं लिहिलं. त्याने खाली सही केली, आणि ती जीप आणायला चढ चढून निघून गेली.

हवालदाराचं घर वळणापलीकडे. त्याने स्कूटरला किक मारली. मागची सीट हलकेच दबली, कुणीतरी एका अंगाने बसल्यासारखी. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"घट्ट धर पोरी," तो म्हणाला. "वळण अजून संपलं नाही."