खालच्या गल्लीचा रक्तदाब

“हात सैल सोड आणि बोलू नकोस,” मुलगी म्हणाली.

“मी कुठे बोलतेय?” आई म्हणाली आणि बोलतच राहिली. इस्त्री बंद केली ना बघ, दाराशी कोण उभं आहे, तू किती वाळलीस गं.

“आई!”

पट्टा फुगला आणि हळूहळू सैल झाला. मशीनवर आकडा आला. मुलीने तो दोनदा पाहिला. दोन वर्षांपूर्वी याच हाताच्या आकड्याने तिची झोप उडवली होती. आज तो एखाद्या तरण्याताठ्या पोरीला शोभेल असा होता. आईला घट्ट मिठी मारावी, असं तिला वाटलं. पण तिने आकडा उतरवून घेतला आणि मुकाट्याने पट्टा गुंडाळला.

“काय निघालं?” आईने विचारलं.

“सांगता येत नाही.”

“दोन वर्षं झाली, अजून सांगता येत नाही!”

मुलगी डॉक्टर होती आणि हे संशोधन तिचंच होतं. उताराच्या रस्त्यावर दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. एका गल्लीला सगळं शिकवायचं: मीठ कमी करा, रोज चाला, सिगारेट सोडा. दुसरीत नुसता रक्तदाब मोजायचा. कुणाचा आकडा फारच धोक्याचा निघाला तर त्याला दवाखान्यात पाठवायचं, बाकी चकार शब्द काढायचा नाही. दोन वर्षांनी दोन्हींची तुलना करायची. शिकवण्याचा फायदा दिसला, की ते साऱ्या शहराला शिकवायचं, आणि सुरुवात न शिकवलेल्या गल्लीपासून. शिकवायची गल्ली कोणती, हे चिठ्ठी टाकून ठरलं. चिठ्ठी तिनेच उचलली. निघाली वरची. आई राहायची खालच्या गल्लीत.

वडील रक्तदाबानेच गेले होते, जेवता जेवता. आता आईचाही आकडा चढा. आणि हिने गप्प बसायचं!

गप्प बसणं हिला ठाऊकच नव्हतं. शाळेत असल्यापासून ती वडिलांच्या सिगारेटी लपवायची. डॉक्टर झाल्यावर तर तिने घराचा दवाखाना करून टाकला. हे खाऊ नको, ते उचलू नको, ही चप्पल कसली घातलीस. देवाने हिला तोंड दिलं, पण ते बंद करायची कळ द्यायला तो विसरला, असं आई चारचौघांत सांगायची.

तरीही तिने दोन वर्षं काढली. दर रविवारी ती आईकडे जेवायला जायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायची. पुढे पुढे जेवण अळणी लागायला लागलं. आईचं वय झालं, हाताचा अंदाज गेला, असं वाटून तिला भरून यायचं. पण मिठाचा विषय काढायची सोय नव्हती. ती खाली मान घालून अळणी भाजी गिळायची.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. सर तिचे वरिष्ठ होते. कॉम्प्युटरवर दोन रेघा होत्या. वरच्या गल्लीची रेघ खाली आली होती. खालच्या गल्लीची त्याहून खाली गेली होती.

“हे कसं झालं?” सरांनी विचारलं.

“मलाही कळत नाही, सर.”

“कुणीतरी तोंड उघडलंय. तुमच्या आई तिथेच राहतात ना?”

तिच्या कानशिलांना आग लागली. “सर, मी एक शब्द बोलले नाही.”

“मी म्हणत नाही तुम्ही बोललात. पण बोलला असाल, तर दोन वर्षं पाण्यात गेली. पुन्हा तुमच्यावर कुणी विश्वास टाकणार नाही, हे तुम्हालाही कळतं.”

“मग चला माझ्याबरोबर. मी गप्प उभी राहते. तुम्हीच विचारा.”

खालच्या गल्लीतल्या आपल्या दुकानात आई शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. साहेब आलेले पाहून तिने स्टूल पुढे केलं. सर बसले नाहीत.

“ताई, एक स्पष्ट विचारतो. रक्तदाबाबद्दल तुमच्या मुलीने तुम्हाला काही सांगितलं होतं? मीठ, चालणं, काहीही?”

“हिने?” आई हसली. “साहेब, दगडाला पाझर फुटेल, पण ही बोलणार नाही. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर खोटं रडलेसुद्धा. पोटच्या पोरीने आईला ताकास तूर लागू दिली नाही!”

सरांनी तिच्याकडे वळून हात जोडले. “डॉक्टर, माफ करा. माझी चूक झाली.”

तिचे डोळे भरून आले. जिंकलो बाई एकदाचे! दोन वर्षं जीभ चावून चावून राखलेला शब्द असा भर दुकानात खरा ठरला होता. तिची मान आपोआप ताठ झाली.

“मग या गल्लीला कुणी सांगितलं?” सरांनी विचारलं.

“मी!” आई ठसक्यात म्हणाली. “वरच्या गल्लीत न्हाव्याची बायको आहे, तिच्याकडून सगळं काढून घेतलं. इथे कपडे टाकायला येईल त्याला आधी उपदेश, मग इस्त्री. सकाळी अख्खी गल्ली चालायला नेते मी. तो समोरचा ड्रायव्हर धुराडं होता नुसता, त्याचीही सिगारेट सुटली.”

“कमाल आहे! वरच्या गल्लीला आम्ही कानीकपाळी ओरडलो, तरी निम्म्यांनी मनावर घेतलं नाही. तुमच्या गल्लीने ऐकलं कसं?”

आईने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली.

“ऐकणार नाहीत तर काय करतील, साहेब? ही माझी मुलगी, गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा सल्ला दिल्याशिवाय पुढे न जाणारी. ती मशीन घेऊन आली, प्रत्येकाचा आकडा पाहिला आणि त्या दिवसापासून गप्प झाली. मी सगळ्यांना सांगितलं, ही गप्प बसली आहे, म्हणजे आपलं काही खरं नाही!”