गाडीचा प्लग

किक हलकी गेली. खालून नेहमीचा दाब आलाच नाही; पाय नुसता हवेतून खाली आला. केतनने वाकून पाहिलं. इंजिनावरची प्लगची टोपी वायरला लोंबत होती, आणि प्लगच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबलेला होता.

खाजणातल्या कोळंबीच्या तलावांवर पंप चोरीला जायचे. म्हणून संध्याकाळी काम आटोपलं की पंपाचा प्लग काढून घरी न्यायचा, ही तिथली रीत. बाप दिनानाथ घरच्या मोटारसायकललाही तीच रीत लावतो, हे केतनला आज कळलं. चावी मात्र दाराजवळच्या खिळ्याला, कुणालाही दिसेल अशी टांगलेली होती.

ओट्यावर दिनानाथ खांबाला टेकून बसला होता. तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. दहा मिनिटांपूर्वी त्याच्या हातून चहाचा कप निसटला होता. वाकडं तोंड, लोंबता हात आणि शेजारी घड्याळ, असं चित्र केतनने आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पाहिलं होतं. त्यातलं घड्याळ कशासाठी, तेही खाली लिहिलेलं होतं: एकेक मिनिट मोलाचं. त्याने लगेच फोन लावला. रुग्णवाहिका हमरस्त्यापर्यंत येणार होती. तिथून वाडीपर्यंतचा तीन किलोमीटरचा बांध जेमतेम दुचाकीपुरता, दोन्हीकडे पाणी. वाडीतल्या बाकीच्या गाड्या सकाळीच कामावर गेल्या होत्या.

"बाबा, प्लग कुठं हाय?"

"मीठ," दिनानाथ म्हणाला. शब्द चुकला हे त्याचं त्यालाच कळलं. त्याने मान हलवली, ओठ जुळवले, जोर लावला. "मीठ."

केतन गुडघ्यावर बसला. त्याने बापाचा डावा हात हातात घेतला.

"बोलू नको. मी विचारतो. व्हय असल तर हात दाब. घरात हाय?"

हात गप्प राहिला.

"तलावावर?"

गप्प.

"वाडीत? कुणाकडं ठेवलाय?"

बोटं दाबली गेली.

"हितेशदादाकडं? ... सखूकाकीकडं?"

बोटं इतक्या जोरात आवळली की केतनने पुढे काही विचारलंच नाही.

सखुबाई तीन घरं सोडून राहायची. अंगणात सुकट पसरत होती. धापा टाकत आलेल्या केतनकडे तिने पाहिलं आणि पदराची गाठ मुठीत धरली.

"काकी, गाडीचा प्लग दे. बाबाला अर्धांग झालंय. बोलता येत न्हाय त्याला."

"सकाळी इहिरीवर तर माझी मस्करी करून गेला."

"आत्ता झालंय, काकी. आत्ता."

"मागल्या शिमग्याला पन तू असाच धावत आलेलास. 'काकी, गाडी चोरली, गाडी चोरली.' मी खुळी तुझ्यासंग रडले."

ती आधीची गाडी केतननेच रोह्याला नेऊन विकली होती. दिनानाथने पोलिसांतली तक्रार मागे घेतली होती. घरात त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

"दिनानाथनं सांगितलंय," सखुबाई म्हणाली, "केत्याला सोडून कुणालाबी दे."

केतनने गाठीकडे पाहिलं. जुनं लुगडं, विरलेला पदर. एका हिसक्याचं काम. त्याने हात मागे घेतले.

"मला नको देऊ. तू चल. त्याच्याच हातात दे."

सखुबाईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग सुकटीची पाटी तशीच टाकून ती त्याच्या पुढे धावली.

ओट्याच्या पायरीवर ती थबकली. "अगो बाय," एवढंच म्हणाली. गाठ सुटेना, तेव्हा तिने दातांनी सोडवली. काळपट झालेला प्लग दिनानाथच्या डाव्या तळहातावर ठेवला.

मूठ मिटली.

केतनने खाली आपला हात पसरला. "बाबा, दे."

मूठ मिटलेलीच. दिनानाथचे डोळे मुलावर होते. हाताला कळत नव्हतं की मन तयार नव्हतं, हे केतनला सांगता आलं नसतं. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसत होत्या.

"अरे बगतोस काय? बोटं उचकट त्याची!" सखुबाई ओरडली. "येल चाललाय, मेल्या!"

"न्हाय," केतन म्हणाला. "त्याला देऊ दे."

तो आणखी जवळ सरकला. आवाज त्याने मघासारखाच ठेवला, शांत, एकेक शब्द सुटा.

"बाबा, मघाशी दाबत होतास ना? आता व्हय असल तर सोड."

बांधापलीकडच्या पाण्यावर कुणाचा तरी पंप चालू होता. त्याचे किती ठोके पडले ते केतनने मोजले नाहीत.

मग अंगठा हलला. एकेक करून बोटं उघडली.

केतनने भोकातला बोळा काढला. घाई असूनही आटे चुकू नयेत म्हणून प्लग आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्याने आवळला आणि वर टोपी चढवली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सखुबाईने घरातून एक जुनी चादर आणली. दोघांनी दिनानाथला मागच्या सीटवर बसवलं आणि तिने बापलेकांना एकत्र बांधलं, पाठीला छाती.

"हळू जा," ती म्हणाली. मग लगेच, "न्हाय, जोरात जा."

बांधावर गाडी लागली तसा डावा हात मागून आला आणि केतनच्या पोटाभोवती घट्ट बसला. केतनने क्षणभर खाली पाहिलं. सदरा पकडताना तळवा अर्धवट उघडा राहिला होता आणि त्यावर प्लगच्या आट्यांच्या बारीक रेघा, एकाखाली एक, अजून तशाच उमटलेल्या होत्या.