नाव नसलेली कळ

"बोट ठेवून दाखवा मावशी, कळ नेमकी कुठं येते?" क्रांतीनं पुन्हा विचारलं.

लीलाबाईंनी पोटावर सगळा पंजाच ठेवला.

"बेंबीच्या डाव्या अंगाला," उत्तर दिलं ते त्यांच्या नवऱ्यानं, नाथाजींनी. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस. बायकोच्या पोटातली कळसुद्धा त्यांनीच सांगायची. "लवकर काय ते लिवा म्याडम. घरी आष्ट्याला जायाचं हाय. म्हशी हिच्याबिगर कुनाला धार देत न्हाईत, तटून हुब्या ऱ्हात्यात."

क्रांती काही डॉक्टर नव्हती. सांगलीतल्या त्या दवाखान्यात प्रत्येक पेशंटच्या आजाराला विम्यासाठी कोड लावायचा, एवढंच तिचं काम. हर्निया असो नाहीतर मूळव्याध, एक अक्षर आणि पुढं आकडे. लीलाबाईंच्या फायलीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आतड्याचा आजार, अनिर्दिष्ट'. म्हणजे आतड्यात काहीतरी आहे, काय ते देव जाणे. त्यालाही कोड असतोच, के त्रेसष्ट पॉइंट नऊ. पण तो लावला की विमा कंपनी फाइल परत पाठवते, आणि फाइल अडली की पेशंटही अडतो. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, रक्त तपासून झालं. सगळं स्वच्छ. डॉक्टर ऑपरेशनला निघाले होते. फोनवर म्हणाले, "कळ कुठं आणि कधी येते तेवढं विचारून घ्या, मी काहीतरी नेमकं लिहून देतो." म्हणजे हेही तिच्याच गळ्यात. सकाळी कुपवाडहून स्कूटीवर येतानाच तिची पाठ धरली होती. आता ती नुसता दिवस ढकलत होती.

नाथाजींचा फोन वाजला. बोलत बोलत ते व्हरांड्यात गेले. क्रांतीनं स्टूल ओढलं आणि एकदाची बसली.

"मावशी, आता तुम्हीच सांगा. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, सुट्टी देऊ का? तुम्ही म्हणालात, द्या. परवाही तसंच. आणि पिशवी भरायला घेतली की तुमची कळ सुरू. हे कसं काय?"

"सुट्टी पायजेच की गं. मिळंल तेवढी पायजे."

"मग कळ का येते?"

"घरी चल म्हटलं की येती. सोंग न्हाई बाई, खरंच पिळवटतंय."

क्रांतीला कशाचा कशाला मेळ लागेना. "पण मावशी, सुट्टी म्हणजे घरीच जायचं ना?"

लीलाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. दवाखान्यात राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. बाळंतपणंसुद्धा घरातच झालेली. सुट्टी हा शब्द त्यांना माहीत होता तो फौजेतला, नवऱ्याच्या तोंडचा.

"घरी?" त्या म्हणाल्या. "अगं, आमचं हे सुट्टीवर यायचं ते ड्यूटी सोडून. माजी ड्यूटी तर घरातच हाय न्हवं? मला वाटलं, हितं पडू देत्यात हीच सुट्टी. च्या हातात येतोय. कुनी हाक मारत न्हाई."

क्रांतीला हसू आलं आणि लगेच गेलं. संध्याकाळी तिलाही जाऊन भाकरी थापायच्या होत्या, सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं करायचं होतं. त्या लोखंडी खाटेवरच्या बाईचा तिला हेवा वाटला. आजारी माणसाचा हेवा वाटावा, याची लाजही वाटली.

नाथाजी दारात येऊन उभे राहिले. "घावलं का नाव म्याडम?"

"अजून नाही."

"मग आज सोडत्यात का न्हाई?"

"नाव सापडल्याशिवाय कागद पुढं जात नाही काका. तोवर इथंच राहावं लागेल."

नाथाजी कपाळाला हात लावून गाडीवाल्याला सांगायला निघाले. त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर लीलाबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडं कूस वळवली.

"दमानं शोध, पोरी."